घोड्याचा अंतर्गळ : रोगाआधीचा उपाय

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



मार्गशीर्षात आपल्या लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा तो नामांकित बाजार. घोडा घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, अंगावरचे भोवरे मोजतो. पण नर घोड्याच्या जांघेतील एका वाटेचा विचार कुणी करीत नाही.

काही वर्षांपूर्वी एका पालकाचा घोडा संध्याकाळी लोळू लागला. पोटात वारा धरला असे समजून काढा पाजला, रात्रभर फिरवला. पहाटे घोडा गेला. अंडाची एक बाजू सुजून गार पडली होती, ती कुणी पाहिलीच नव्हती. त्या वर्षी त्यांच्या मुलाची शाळा सुटता सुटता राहिली.

हा अंतर्गळ, म्हणजेच हर्निया. पोटातून अंडाकडे जाणारी शीर ज्या छिद्रातून जाते, ते रुंद असले तर आतडे त्यातून खाली घसरते आणि आवळले जाते. रक्तपुरवठा तुटला की काही तासांतच ते सडू लागते. मग काढ्याचा उपयोग नाही. तातडीने शस्त्रक्रिया हाच उपाय.

ज्या घोड्याला हा त्रास एकदा होऊन गेला, किंवा ज्याचे छिद्र तपासणीत रुंद आढळले, त्याचे काय करावे? पूर्वी बहुधा खच्ची करीत. म्हणजे पैदाशीचा घोडा हातचा गेला. आता दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करता येते. घोड्याला उपाशी ठेवून, गुंगीचे औषध देऊन खोड्यात उभाच ठेवतात. कुशीची जागा बधिर करून दोन-तीन लहान छेद घेतात. एकातून कॅमेरा, दुसऱ्यांतून हत्यारे आत जातात. छिद्र टाके घालून, जाळी बसवून किंवा पोटातील पडद्याची घडी त्यावर ओढून अरुंद करतात. शिरेला धक्का लागत नाही. घोड्यासारख्या अवजड जनावराला पूर्ण भूल देऊन आडवे पाडणे जोखमीचे असते. उठताना पाय मोडण्याचीही भीती. ती जोखीम इथे टळते. अशी शस्त्रक्रिया मोजक्याच मोठ्या पशुरुग्णालयांत होते आणि ती खर्चिकही आहे, हे मात्र खरे.

मित्रहो, ही विद्या आपल्याला परकी नाही. कॉर्डोव्याच्या अल्-जहरावीने हजार वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेच्या हत्यारांची चित्रे काढून ग्रंथ लिहिला. चौदाव्या शतकात कैरोच्या सुलतानाच्या अश्वशाळेचा प्रमुख अबू बक्र याने घोड्यांच्या रोगांवर मोठा ग्रंथ रचला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० साली डॉ. तेहम्तन उदवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढले, तेव्हा माणसांसाठी हे तंत्र आपल्या देशात रुजू लागले.

आज उदगीर आणि परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या घोडा बांधला गेला, त्या घरातील मुलगा, आणि मुलगीही, तिथे का जाऊ नये? त्यासाठी बारावीला जीवशास्त्र घ्यावे लागते. म्हणून आठवी-नववीपासूनच विज्ञान आणि गणित पक्के करा.

आणि पालकांना एवढीच विनंती : नर घोडा लोळू लागला तर आधी अंड तपासा, आणि काढा न पाजता ताबडतोब डॉक्टरांना बोलवा. पहाटेची वाट पाहू नका.