चिठ्ठी लावण्याचे काम
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



“तुम्ही दिवसभर संगणकापुढे बसून करता तरी काय?” असे आजवर बऱ्याच जणींनी मला विचारले आहे. आमच्या सासूबाई सांगतात, “सूनबाई जाहिराती बघते आणि त्याचे तिला पैसे मिळतात.” यात खोटे काहीच नाही, पण ऐकणाऱ्याला ते खरे वाटत नाही! म्हणून चिटणीसबाईंनी आज बोलायला सांगितले, तेव्हा हाच विषय घ्यायचे मी ठरविले.

आपण मसाल्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या लावतो ना, तसलेच हे काम. पडद्यावर एखादी जाहिरात किंवा वाक्य येते. कधी मराठीत, कधी इंग्रजीत, कधी दोन्हींत. ते वाचून मी ठरलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक लावते: साधे, आक्षेपार्ह, फसवे, मुलांना न दाखविण्याजोगे. दोन्ही भाषांतला अर्थ एकच आहे की नाही, तेही सांगते. या चिठ्ठ्या पाहून यंत्र शिकते. लेकराला आपण ‘हा काऊ, ही चिऊ’ असे दाखवितो, तसेच. मात्र लेकरू दोनचारदा दाखविल्याने शिकते, यंत्राला हजारोंनी उदाहरणे लागतात. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने द्वेषाची भाषा यंत्राला ओळखता यावी म्हणून २०२२ साली २५,००० हून अधिक मराठी ट्वीट चार प्रकारांत लावून ठेवली. यावरून या कामाचा पसारा ध्यानात यावा.

तुम्ही म्हणाल, हे तर इंग्रजी शिकलेल्यांचे काम. आमचा काय संबंध? तर ऐका. आपल्या मोहन्यात एके काळी कारखान्याच्या पाळ्यांवर घरे चालत. एकदा पडद्यावर वाक्य आले, ‘या महिन्यात पाळी चुकली.’ खालचे इंग्रजी सांगत होते की, कुणा कामगाराची पाळी हुकली! जाहिरात होती बायकांच्या औषधाची. दुसऱ्या एका वाक्यात आई मुलाला म्हणत होती, ‘मेल्या, जीव घेशील माझा!’ नुसते शब्द धरले तर ही खुनाची भाषा. आपल्या घरात ती मायेची. हे ओळखायला मोठी पदवी लागत नाही, घरची मराठी लागते. मायक्रोसॉफ्टच्या अभ्यासकांनी ३६ जणांकडून मराठी वाचून घेऊन १०९ तासांचे बोलणे जमविले होते. त्यांत खेड्यातली आणि शहरातली गरीब माणसे होती, तसे विद्यापीठातले विद्यार्थीही होते. २०२० साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला की, गरिबांचे काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचे उतरले.

आता एक गोष्ट सांगते. ती सांगताना संकोच वाटतो. या कामाचे पैसे नगावर मिळतात, त्यामुळे हात घाई करतो. एके रात्री ‘घरबसल्या पॅकिंगचे काम’ अशी जाहिरात समोर आली. इंग्रजीत नुसते ‘नावनोंदणी’ अशा अर्थाचे लिहिले होते. मराठीत बारीक अक्षरांत ‘आधी अनामत भरा’ असे होते. मी इंग्रजी वाचले आणि ‘साधे’ अशी चिठ्ठी लावून मोकळी झाले. पुढे महिन्याभराने आमच्या शेजारणीने अशाच एका जाहिरातीला भुलून दोन हजार रुपये घालविले. २००९ साली कारखाना बंद पडल्यापासून आपल्याकडे किती घरे अशा घरबसल्या कामाच्या शोधात असतात, हे मी तुम्हाला काय सांगावे! ती जाहिरात माझ्याच नजरेखालून गेली होती असे नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तांदूळ निवडताना आपण खडा ठेवला, तर तो कुणाच्या तरी दाताखाली यायचाच.

तेव्हापासून मी मराठी मजकूर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचते. चार नग कमी होतात, होऊ देत.

ज्या भगिनींना हे काम करावेसे वाटेल, त्यांना माझे तीन शब्द. काम देण्यासाठी जो आधी पैसे मागतो, तो काम देणारा नव्हे. तशी फसगत झालीच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. दुसरे, नगाला किती आणि पैसे केव्हा, हे आधी विचारावे व आपल्या वहीत रोजचा हिशेब लिहावा. तिसरे, जे वाक्य आपल्याला नीट कळले नाही, त्यावर अंदाजाने चिठ्ठी लावू नये.

आपली मराठी आपण आईकडून फुकट घेतली. आज तिला मोल आले आहे, ते हक्काने घ्यावे. पण यंत्राला शिकवायचे ते खरेच शिकवावे, एवढीच माझी विनंती आहे. कुणाला प्रत्यक्ष काम पाहायचे असेल, तर दुपारी तीननंतर घरी या. चहा घेऊ आणि दोन जाहिराती मिळून निवडू.