स्वादुपिंडातली बुरशी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी बजावलंय, 'तब्येतीवर बोल, पण मधुमेह आणि रक्तदाब नको, ते आता सगळ्यांनाच पाठ आहेत!' म्हणून जरा वेगळा विषय घेतो.

स्वादुपिंड ही जठरामागची आडवी ग्रंथी. पित्ताशयातले खडे आणि दारू ही तिला सूज येण्याची दोन मुख्य कारणं. बहुतेक रुग्ण बरे होतात. काहींमध्ये मात्र ग्रंथीचा काही भाग मृत होतो आणि त्यात संसर्ग होतो. प्रतिजैविकं फार दिवस चालली की आतड्यातले जीवाणू कमी होतात आणि तिथे एरवी मुकाट राहणाऱ्या कॅन्डिडा या बुरशीला मोकळं रान मिळतं. शिरेतून दिलेलं पोषण आणि मोठ्या शिरेतली नळी यांनीही धोका वाढतो.

निदान अवघड, कारण ताप, पोटदुखी, वाढलेल्या पांढऱ्या पेशी हे सगळं जीवाणूंच्या संसर्गातही असतं. सीटी स्कॅनमध्ये मृत भाग दिसतो, त्यात काय वाढतंय ते कळत नाही. रक्ताच्या कल्चरमध्ये खोलवरचा कॅन्डिडा बऱ्याचदा सापडतच नाही. म्हणून सुईने तिथलाच द्रव काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि कल्चरला लावायचा. शाळेत आपण ओल्या पावावर बुरशी वाढवली होती, तत्त्व तेच. नमुना शक्यतो ताजा हवा. जुन्या निचरा-नळीतून घेतला, तर नळीवर बसलेली बुरशीही उगवते आणि फसगत होते. आणि फॉर्मवर 'बुरशीसाठीही तपासा' असं लिहायलाच हवं. प्रतिजैविकं बुरशीला मारत नाहीत. ती नुसती बदलत राहिलो तर मोलाचे दिवस हातचे जातात.

तुमच्यासाठी तीन गोष्टी. पोटाच्या वरच्या भागात अचानक असह्य दुखून कळ पाठीत गेली, तर पित्त झालंय म्हणून सोडा पीत घरी बसू नका. साध्या सर्दीला प्रतिजैविकाचा हट्ट धरू नका. आणि स्वादुपिंडाच्या सुजेने आपलं माणूस अतिदक्षता विभागात असेल, प्रतिजैविकं चालू असूनही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ताप हटत नसेल, तर डॉक्टरांना अवश्य विचारा, 'बुरशीची तपासणी झाली का?' प्रश्न विचारायला याच शाळेने शिकवलंय. त्यात संकोच कसला?