माशाच्या रक्तातले पहारेकरी

२०२३ सालच्या मार्च महिन्यात सांगलीजवळ, अंकलीच्या परिसरात, कृष्णेच्या पाण्यावर मेलेल्या माशांचा खच तरंगताना लोकांनी पाहिला. नदी बिघडल्याचे त्या दिवशी सर्वांना कळले. पण मासा मेल्यावर जे सांगतो, ते त्याचे रक्त कित्येकदा त्याच्या जिवंतपणीच सांगत असते. आज त्या रक्ताविषयी थोडे बोलू या.

रोहू किंवा कटला माशाच्या शेपटीकडच्या शिरेतून रक्ताचा थेंब काढावा, काचपट्टीवर पसरून त्याला रंग द्यावा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहावे. तांबड्या पेशी लंबगोल दिसतात. आपल्या तांबड्या पेशींत केंद्रक नसते. माशाच्या पेशींत ते असते. त्यांच्या दाटीत अधूनमधून पांढऱ्या पेशी आढळतात. हेच पहारेकरी! काही पेशी जंतूला वेढून सरळ गिळून टाकतात. लसिकापेशी शत्रूची ओळख धरतात; त्यांच्यातल्या काही त्याच्यावर नेमकी प्रतिपिंडे तयार करतात. आपल्या शरीरात या पेशी हाडांतल्या मज्जेत जन्मतात. माशाच्या हाडांत ती सोय नाही. त्याचा मोठा कारखाना मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या टोकाला असतो.

या पहाऱ्यात एक उणेपण आहे. पाणी गार झाले की मासाही गार होतो आणि प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो. १९८८ साली भारतात शिरलेला माशांचा व्रणरोग थंडीच्या दिवसांत मरळीसारख्या माशांना अधिक छळतो, त्याचे हेही एक कारण आहे.

दुसरा घाला पडतो तो आपल्यामुळे. सांडपाण्याने पाण्यातला प्राणवायू घटला की माशाच्या शरीरावर ताण येतो. मग रक्तातल्या लसिकापेशी कमी होतात, गिळणाऱ्या पेशींचे प्रमाण वाढते. मासा वरून धडधाकट दिसतो, पण किरकोळ जंतूही त्याला भारी पडू लागतो. पाण्यात नेमके काय मिसळले, हे या थेंबावरून कळत नाही; त्यासाठी पाणीच तपासावे लागते. मात्र कुठेतरी बिघाड आहे, एवढे समजते.

महाबळेश्वरला उगवलेली कृष्णा माहुलीला वेण्णा घेते, कऱ्हाडला कोयना आणि हरिपूरला वारणा. तेच पाणी काठची गावे पितात. या संगमांवर ठरावीक दिवसांनी चार मासे धरावेत, थेंबभर रक्त घ्यावे आणि मासे पुन्हा पाण्यात सोडावेत. खर्च फार नाही. खच तरंगण्याची वाट पाहण्यापेक्षा हे केव्हाही बरे, नाही का?