आपला आकडा आपण वाचावा
(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)

 

गुणवंतांच्या सत्कारात वक्त्याने "डॉक्टर व्हा, कलेक्टर व्हा" असे सांगायचे, हा आपला शिरस्ता आहे. मी आज एका वेगळ्या वाटेविषयी बोलणार आहे. ती वाट म्हणजे लोकसंख्याशास्त्र.

मी बँकेत कारकून आहे. काही वर्षांपूर्वी चहाच्या वेळी एका सहकाऱ्याने जनगणनेचे जुने आकडे वाचून दाखवले. महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या १९८१ साली सुमारे ४५ लाख होती, ती १९९१ साली सुमारे ८७ लाखांवर गेली. "दहा वर्षांत दुप्पट! तुमच्याकडे कुटुंबनियोजन पोहोचलेच नाही वाटतं," असे म्हणून तो हसला. बाकीचेही हसले. रोज आकड्यांत वावरणारा मी, पण मला उत्तर देता आले नाही. ती गोष्ट मनाला लागून राहिली.

उत्तर नंतर वाचनात सापडले. १९५१ साली महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची नोंद अवघी अडीच हजारांच्या आसपास होती. १९५६ साली नागपूरला धम्मक्रांती झाली आणि १९६१ च्या जनगणनेत ती नोंद सुमारे २७ लाख ९० हजार झाली. पण धर्म बौद्ध लिहिला की अनुसूचित जातींच्या गणतीतून ते नाव गळत असे, कारण त्या यादीत तेव्हा फक्त हिंदू व शीख यांनाच स्थान होते. १९९० साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून बौद्धांना त्या यादीत घेतले. पुढच्याच वर्षी शिरगणती झाली. म्हणजे ती मोठी वाढ पाळण्यातली नव्हती, रकान्यातली होती!

आकडा खोटा नव्हता, वाचणारा अडाणी होता. आणि गप्प बसलेला मीही अडाणीच होतो.

मित्रहो, मोजले कसे आणि केव्हा, हे आपल्या पंढरपूरकरांना नव्याने सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या ९८ हजार ९२३ होती. आषाढीला येथे लाखो लोक असतात. पाणी, शौचालये, दवाखाने यांचा हिशेब नुसत्या पहिल्या आकड्यावर केला, तर काय होईल ते आपण जाणताच.

जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांचा असा हिशेब शिकवणारी संस्था मुंबईत देवनार येथे आहे. तिचे नाव आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. तीही १९५६ सालीच स्थापन झाली. १९८५ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. १९९२-९३ पासूनच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्यांचे काम तिच्याकडे राहिले आहे. तेथे पदव्युत्तर शिक्षण व पीएच.डी. करता येते. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, संख्याशास्त्र शिकलेल्यांना हा विषय जवळचा आहे. गणिताची भीती मात्र सोडावी लागेल. प्रवेश, वसतिगृह आणि पाठ्यवृत्ती यांची चौकशी पदवीच्या शेवटच्या वर्षातच करावी.

हा विषय आपल्याला परका नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातींविषयीचा निबंध वाचला. जातीतल्या जातीत लग्न टिकवायचे, तर विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या सारखी ठेवावी लागते. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढींचे मूळ त्यांनी त्या गणितात दाखवले. १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, त्यामागेही तेच होते.

२०२१ ची जनगणना लांबली. २०२७ च्या जनगणनेत सर्वांची जातही नोंदली जाईल, असे सरकारने २०२५ साली जाहीर केले. धर्म आणि जात या दोन वेगळ्या नोंदी आहेत. काय सांगायचे ते घरात आधी ठरवा आणि प्रगणकाने तसेच लिहिले ना, याची खात्री करून घ्या.

पण नोंद करून काम संपत नाही. त्या आकड्यांवर शिष्यवृत्त्या, वसतिगृहे आणि राखीव जागा ठरतील, वादही होतील. तेव्हा अधिकाराने बोलणारा आपला माणूस हवा. संस्थेने या शिक्षणासाठी निदान एका विद्यार्थ्याचा किंवा विद्यार्थिनीचा भार उचलावा, अशी माझी नम्र विनंती आहे. माझा वाटा मी आजच देतो.

जय भीम! नमो बुद्धाय!