आकाशातले खेळणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाला मी ड्रोनचा विषय घेतला, हे ऐकून काही जणींच्या कपाळाला आठी पडली असेल. ‘हा तर पुरुषांचा विषय!’ असेही कोणी मनात म्हटले असेल. पण लग्नाच्या मांडवावर भुंग्यासारखे घोंघावणारे ते चार पंखांचे यंत्र आपण साऱ्यांनीच पाहिले आहे. आपल्यापैकी कित्येकींची मुले-लेकी अमेरिकेत आहेत, आणि तिकडे नातवंडांच्या वाढदिवसाला ड्रोन येतो. तेव्हा या खेळण्यापायी तिथे काय घडले, आणि तिथल्या राज्यांना कायदे का करावे लागले, हे आपल्याला ठाऊक असलेले बरे.

१७ जुलै २०१५ ची गोष्ट. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसकडून लास व्हेगासकडे जाणारा हमरस्ता काहोन खिंडीतून जातो. तिथे वणवा पेटला आणि वाऱ्याने थेट रस्त्यावर आला. माणसे गाड्या तशाच टाकून जिवाच्या आकांताने पळाली. सुमारे वीस गाड्या जळून गेल्या. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. वणवा विझवणारी विमाने आली होती. परंतु त्याच जागी आकाशात कोणाचे तरी ड्रोन फिरत होते. म्हणून सुमारे वीस मिनिटे विमानांना काम थांबवावे लागले.

कोणी विचारील, एवढ्याशा खेळण्याला एवढे मोठे विमान का भ्यावे? त्याचे कारण असे, की वणव्यावर पाणी किंवा औषध टाकायचे तर विमानाला धुरातून, डोंगराला लागून, अगदी खालून जावे लागते. ड्रोनही त्याच उंचीवर असतो. पक्षी आदळला तरी विमानाला इजा होते. मग मोटारी आणि बॅटरी असलेला टणक ड्रोन आदळला तर काय होईल? म्हणून एक ड्रोन दिसला, की सारी विमाने मागे घ्यावी लागतात. आग मात्र कोणासाठी थांबत नाही.

आता कायद्याकडे वळू. अमेरिकेत आकाशातील वाहतुकीचे नियम केंद्र सरकारचे आहेत. छंदासाठी ड्रोन उडवणाऱ्याने तो नजरेआड जाऊ देऊ नये, मोकळ्या भागात ४०० फुटांहून वर नेऊ नये, वजन २५० ग्रॅमहून अधिक असेल तर नोंदणी करावी, असे ते नियम. पण जमिनीवर उभा राहून जो माणूस दुसऱ्याचा जीव धोक्यात घालतो, त्याला आवरण्याचे काम राज्याचेही आहे. नेवाडा राज्याने २०१५ सालीच ड्रोनला शस्त्र जोडण्याची मनाई केली.

कॅलिफोर्नियाची हकीकत मोठी बोलकी आहे. तिथले तेव्हाचे गव्हर्नर जेरी ब्राऊन यांच्यापुढे २०१५ च्या ऑक्टोबरात ड्रोनविषयीची तीन विधेयके आली. त्यांतले एक आगीच्या कामासंबंधी होते. त्यांनी तिन्ही परत पाठवली. फौजदारी कायद्यात आधीच पाच हजारांहून अधिक कलमे आहेत, त्यांत आणखी भर कशाला, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल खोटा म्हणता येणार नाही. प्रत्येक नव्या वस्तूला नवा गुन्हा काढत बसले, तर कायद्याचे पुस्तक वाढते, शहाणपण वाढत नाही. तरीही पुढच्याच वर्षी, २०१६ साली, त्यांनीच दोन कायद्यांवर सही केली. एकाने, संकटाच्या जागी जाऊन मदतीच्या कामात अडथळा आणणाऱ्या बघ्यांच्या गुन्ह्यात ड्रोन उडवणाराही धरला. दुसऱ्याने, मदतकार्याच्या आड येणाऱ्या ड्रोनचे नुकसान झाले तर त्याची भरपाई मदत करणाऱ्यांवर पडणार नाही, असे ठरवले.

यूटा राज्याने त्याच वर्षी पायऱ्यांचा कायदा केला. वणव्याच्या मनाई केलेल्या जागी नुसता ड्रोन उडवला तर लहान गुन्हा. त्यामुळे विमानाला काम सोडावे लागले तर त्याहून मोठा. टक्कर झाली तर आणखी मोठा. आणि विमान कोसळले तर फार गंभीर. आपल्या कृत्याचा शेवट कुठवर जाऊ शकतो, हे त्या पायऱ्याच सांगतात.

एवढे होऊनही ९ जानेवारी २०२५ रोजी व्हायचे ते झालेच. लॉस एंजेलिसजवळ पॅलिसेड्सचा भयंकर वणवा पेटला होता. कॅनडाच्या क्यूबेक प्रांताहून मदतीला आलेले, पाणी भरून नेणारे विमान काम करीत होते. एका माणसाने सांता मोनिकातल्या एका इमारतीवरून ड्रोन सोडला. त्याला फक्त आगीचे नुकसान पाहायचे होते. ड्रोन अडीच किलोमीटर दूर गेला, नजरेआड झाला, आणि विमानाच्या पंखाला भोक पाडून गेला. विमानातील दोघे सुखरूप उतरले, पण ऐन संकटात विमान दुरुस्तीला गेले. खटला केंद्राच्या न्यायालयात चालला. त्या माणसाने गुन्हा कबूल केला आणि भरपाईची व वणवाग्रस्तांसाठी १५० तास सेवा करण्याची अट मान्य केली.

भगिनींनो, हा माणूस काही दरोडेखोर नव्हता. त्याच्या मनात वैर नव्हते, होते ते केवळ कुतूहल. शेजारच्या गल्लीत अग्निशामक दलाची गाडी आली, की आपणही गच्चीवर धावतोच ना? तेच हे कुतूहल. फरक एवढाच, की पूर्वी बघ्याला फार तर पोलीस मागे सारी. आज बघ्याचा डोळा उडून थेट विमानाच्या वाटेत जातो. दुष्टाला कायद्याचा धाक असतो. पण आपण काही वाईट करतो आहोत असे ज्याला वाटतच नाही, त्याला धाक कशाचा? त्याला आधी कोणीतरी सांगायला हवे.

ड्रोन वाईट नव्हे. आपल्याकडे बचत गटांतील स्त्रिया शेतात ड्रोनने फवारणी करू लागल्या आहेत, याचा मला अभिमान वाटतो. आपल्याकडेही २०२१ पासून ड्रोनचे नियम आहेत, आणि मुंबईत पोलीस वेळोवेळी मनाईहुकूम काढतात. पण पोलीस प्रत्येक गच्चीवर येऊ शकत नाहीत. गच्चीवर आपण असतो. मुलाला पहिली सायकल देताना आपण ‘रस्त्याच्या कडेने जा’ म्हणून बजावतो. तसेच नातवाच्या हाती ड्रोन देताना दोन गोष्टी सांगू या : नजरेआड नेऊ नकोस, आणि जिथे कोणी कोणाचा जीव वाचवीत असेल, तिथे मुळीच उडवू नकोस. तिकडच्या नातवाला हे फोनवरूनही सांगता येईल.