कराचे पंचांग : गोंदिया जिल्ह्यातील मालट्रक आणि मोटार वाहन कराचा भरणा

मालट्रकावरील कराची चर्चा बहुधा ‘किती’ या प्रश्नापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. परंतु एक-दोन गाड्यांवर घर चालवणाऱ्या ट्रकमालकाला तो कर ‘केव्हा’ आणि ‘किती मुदतीचा’ भरावा लागतो, हा प्रश्न दराइतकाच जाचक ठरू शकतो. गोंदिया जिल्ह्यात हे विशेष जाणवते, कारण येथील मालवाहतुकीचा मोठा भाग धानाच्या हंगामावर चालतो, तर कराची मुदत कॅलेंडरवर मोजली जाते.

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. मोटार वाहन कर, ज्याला बोलीत ‘रोड टॅक्स’ म्हणतात, हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या 57व्या नोंदीखालील राज्याचा कर असून, अवजड मालवाहू वाहनांच्या बाबतीत तो वाहन आणि त्यातील माल यांच्या एकत्रित नोंदणीकृत कमाल वजनाशी जोडलेला असतो. टोल नाक्यावर फास्टॅगमधून कापला जाणारा पथकर याहून वेगळा, कारण तो विशिष्ट रस्त्याच्या वापराचे शुल्क असतो. वाहन कर मात्र गाडी किती किलोमीटर धावली हे विचारत नाही. जर्मनीने 2005 पासून अवजड ट्रकांवर अंतरानुसार आकारणी सुरू केली. महाराष्ट्रात मात्र अशा ट्रकांच्या वाहन कराचे माप आजही काळ हेच आहे, आणि हंगामी धंद्याची अडचण नेमकी येथूनच सुरू होते.

या कराला गोंदियापुरता एक सीमेचा इतिहासही आहे. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत गोंदिया आणि शेजारचे बालाघाट एकाच राज्यात होते व तेथे मध्यप्रांत व वऱ्हाडचा 1947 चा वाहन कर कायदा चालत असे. पुनर्रचनेने गोंदिया तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यासह मुंबई राज्यात आला, 1958 चा मुंबई मोटार वाहन कर अधिनियम, जो आज महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, येथे लागू झाला, आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिल्याने सीमेवरच्या बाघ नदीच्या दोन काठांवर दोन राज्यांचे कर उभे राहिले. 1 मे 1999 रोजी जिल्हा स्वतंत्र झाल्यावर ‘एमएच-35’ ही नोंदणीची ओळख मिळाली.

1958 च्या कायद्यानुसार कर आगाऊ भरावा लागतो आणि मालकाला वार्षिक वा तिमाही भरणा निवडता येतो. वार्षिक भरण्यात वर्षभराची निश्चिंती मिळते, पण मोठी रक्कम एकदम अडकते. तिमाही भरण्यात रक्कम लहान राहते, पण तारीख चुकण्याचा संभव वाढतो, आणि ती चुकली की थकबाकीवर व्याज चढते. खरीप धान दिवाळीच्या सुमारास निघते, त्यानंतर राईस मिलच्या भरडाईने गाड्यांना काम मिळते, उन्हाळ्यात तेंदूपत्ता आणि उन्हाळी धान हात देतात, आणि पावसाळ्यात धंदा मंदावतो. ज्या गाडीची करमुदत आषाढात संपते, तिच्या मालकाने त्या वेळी एका तिमाहीचाच कर भरून पुढील मुदत दिवाळीच्या तोंडावर आणली आणि मग वार्षिक भरणा केला, तर कराचे वर्ष धानाच्या वर्षाशी जुळते. अशा रीतीने तिमाहीचा पर्याय गरिबीचा हप्ता न राहता एका वर्षाला दुसऱ्या वर्षाशी जोडणारा सांधा होऊ शकतो.

गाडी दीर्घकाळ उभीच राहणार असेल, तर ती वापरात नसल्याची सूचना आगाऊ देऊन त्या काळापुरती करसवलत मागता येते. ती मागितल्यावर गाडी रस्त्यावर आढळली, तर सवलतीचा आधारच नाहीसा होतो. 7,500 किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू वाहनांसाठी 2025-26 च्या राज्य अर्थसंकल्पाने किमतीच्या 7 टक्के एकरकमी कराचा मार्ग धरला. तेथे मुदतीची चिंता मिटते, पण सगळा भार खरेदीच्या क्षणावर, म्हणजे बहुधा कर्जावर पडतो.

राज्याबाहेरची वाट निराळी आहे. पूर्वी राष्ट्रीय परवान्यासाठी प्रत्येक निवडलेल्या राज्याच्या नावे वेगवेगळे बँक ड्राफ्ट काढावे लागत. मे 2010 पासून सर्व राज्यांसाठी एकच वार्षिक एकत्रित शुल्क आले, जे आरंभी 15,000 रुपये होते. देवरीमार्गे रायपूरकडे जाणाऱ्या ट्रकाला यामुळे मोठी सोय झाली, तरी या शुल्काने स्वतःच्या राज्यातील वाहन कर फिटत नाही, हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

आता ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीतून कर घरबसल्या भरता येतो आणि खिडकीपुढची रांग टळते. मात्र नोंदणीशी जोडलेला मोबाइल क्रमांक जुना किंवा दुसऱ्याचाच असेल, तर हा पर्याय कागदावर राहतो आणि मालक पुन्हा दलालाच्या टेबलापाशी येतो. म्हणून क्रमांक स्वतःचा करून घेणे, पावती स्वतः जपणे आणि मुदतीची तारीख हंगामाच्या हिशेबात मांडणे, या तीन गोष्टी कराच्या व्यवहाराचाच भाग मानल्या पाहिजेत. कर कसा भरावा, याचे उत्तर संगणकाने बरेचसे दिले आहे. तो केव्हा भरावा, याचे उत्तर अजूनही शेतातले धान आणि गिरणीतले भाडे पाहूनच काढावे लागते.