ओंबी कधी आली?



 सकाळपासून एक गोष्ट मनात घोळते आहे.

पोस्टर बघत फिरत होतो. 'उष्णता-सहनशीलतेचे क्यूटीएल' (म्हणजे त्या गुणाशी जोडलेले गुणसूत्रांचे भाग) असं शीर्षक दिसलं की मी थांबायचो आणि एकच विचारायचो : या ओळींना ओंबी कधी आली? दोघांनी तारखा तोंडपाठ सांगितल्या. बाकीच्यांना फिल्डबुक धुंडाळावं लागलं.

प्रश्न खोचक वाटला असेल, पण तो मी स्वतःच्या फजितीतून शिकलोय. उशिरा पेरलेल्या गव्हात उत्पादनाचं मॅपिंग करत होतो. आलेखात २डी गुणसूत्रावर असं उंच शिखर उभं राहिलं की आम्ही पेढे वाटले. शेतावरच्या आमच्या जुन्या सहायकांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "साहेब, त्या ओळी ऊन सोसत नाहीत. उन्हाच्या आधीच उरकून घेतात." तपासलं, तर शिखराखाली पीपीडी-डी१ होतं, म्हणजे दिवसाच्या लांबीकडे दुर्लक्ष करून लवकर फुलायला लावणारं जनुक. मार्चचा चटका लागायच्या आत दाणे भरून त्या ओळी मोकळ्या झालेल्या. आम्ही शोधली होती तारीख, आणि नाव दिलं होतं सहनशीलतेचं.

हे जनुक काही टाकाऊ नाही. बोरलॉग यांनी मेक्सिकोत सोनोरा आणि तोलुका अशी वर्षाला दोन पिकं घेतली, त्यात दिवसाच्या लांबीला न जुमानणारे गहू आपोआप निवडले गेले; म्हणूनच ते आपल्याकडे रुजले. आपला हिवाळा तोकडा, तेव्हा लवकर येणारं वाण हवंच. पण लवकर येण्याला लवकर येणंच म्हणावं. त्याला सहनशीलता म्हटलं की खरोखर सोसणारं जनुक शोधायचं राहूनच जातं.

सेरी आणि बाबॅक्स या गव्हाच्या वाणांच्या संकरातल्या ओळींवरचं २०१० सालचं काम मला म्हणूनच मोलाचं वाटतं. उंची आणि फुलोरा यांतल्या फरकाने घोळ होऊ नये, अशा बेतानेच ओळींचा तो संच निवडला होता. त्यानंतरही ४ए गुणसूत्रावरचा एक भाग दुष्काळात आणि उन्हात, दोन्हीकडे उत्पादनाशी जोडलेला दिसला. असं शिखर दिसलं तर पेढे जरूर वाटा.

तांबेऱ्याचं काम त्या मानाने सोपं : पान एकतर तांबडं पडतं, नाहीतर स्वच्छ राहतं. आपली खपली गव्हाची जात तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठीच्या स्टॅकमन यांच्या वाणांच्या संचात जाऊन बसली. तिच्यात सापडणारं एसआर१३ युगांडाच्या यूजी९९ तांबेऱ्यालाही पुरून उरतं, आणि २०१७ मध्ये ते जनुक नेमकं हाती आलं. उन्हाचं तसं नाही. तिथे आपण मोजतो काय, तर पानांचं तापमान. दुपारी दोनला इन्फ्रारेड थर्मामीटर धरून वाफ्यावाफ्याने फिरायचं. फरक असतो एखाद्या अंशाचा. मधेच ढग सरकला, वाऱ्याची झुळूक आली, किंवा नेम विरळ ओळींमधल्या तापलेल्या काळ्या मातीवर गेला, की सगळं आकडेशास्त्र मातीमोल. चाळिसाव्या वाफ्यापाशी हात भरून येतो, तो हिशेब वेगळाच.

डीएनएची बाजू आता भक्कम आहे. २०१८ मध्ये गव्हाच्या एकवीसही गुणसूत्रांचा संदर्भ-आराखडा आला. त्यातल्या २एचा भार भारतीय प्रयोगशाळांनी उचलला. एक लाख सात हजारांवर जनुकांची जागा आज कळते. कच्चा दुवा राहिलाय तो बांधावर.

म्हणून एक विनंती. २०२२ चा मार्च हा देशातला १२२ वर्षांतला सर्वात तापलेला मार्च होता. मे महिन्यात गव्हाची निर्यातही थांबवावी लागली. तसा प्रयोग आपण ठरवून करू शकलो नसतो. त्या हंगामाच्या वह्या आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात असतील. प्रत्येक वाफ्याची पेरणीची आणि ओंबी निसवल्याची तारीख लावून त्या एकत्र करू. उद्या चहाच्या वेळी मी माझी वही घेऊन येतो. तिची दोन पानं भिजलेली आहेत, पण तारखा वाचता येतात.